हुंकारा

गोष्ट सांगणाऱ्याइतकीच जबाबदारी ती ऐकणाऱ्यावरही असते, ही समजूत आमच्या घरात इतकी पक्की होती की रात्री ओसरीवर आजी सांगायला बसली म्हणजे आम्हां मुलांपैकी एकाची नेमणूक हुंकारा देण्यासाठी होत असे. तिने वाक्य पुरे करून श्वास घेतला की त्याने ‘हं’ म्हणायचे, आणि डोळा लागून त्याचा ‘हं’ चुकला की गोष्ट तिथल्या तिथे थांबायची, मग राजपुत्र घोड्यावर असो की विहिरीत पडलेला असो. ‘हुंकारा कोनाकडे हाय रे?’ असे ती विचारी, आणि कोणी तरी दचकून ‘हं’ म्हटल्याखेरीज तो राजपुत्र विहिरीबाहेर येत नसे. हा रिवाज केवळ आमच्या घरचा नव्हता, आणि केवळ वऱ्हाडचाही नसेल. तथापि कथा-कादंबऱ्यांच्या वाचनात आणि चित्रपट पाहण्यात आयुष्याचा फार मोठा भाग घालविल्यानंतर आज मला मनापासून असे वाटते की, आमच्या मुलखातील वाचकाचा आणि प्रेक्षकाचा पूर्वेतिहास समजून घ्यावयाचा असेल, तर त्याचा आरंभ छापखान्यापासून किंवा ग्रंथालयापासून न करता या एका अक्षरापासूनच केला पाहिजे.

तेल्हारा हे अकोला जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे गाव. जळगाव-जामोदकडून निघून तेल्हारा, अकोट, अंजनगाव सुर्जी अशी गावे घेत परतवाड्याकडे जाणारी वाट सातपुड्याचा डोंगर सतत डाव्या हाताला ठेवून पूर्वेकडे जाते, आणि त्या वाटेवरचा हा एक मुक्काम आहे. दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणाचा पट्टा पसरलेला, जेथे विहिरीला पाणी लागले तरी ते तोंडात धरवत नाही. उत्तरेस डोंगर, वानेचे पात्र आणि नरनाळ्याच्या बाजूचे जंगल. आणि मध्ये काळी, भेगाळणारी, कपाशीची जमीन. गावच्या जुन्या दप्तरात शोध घेणाऱ्यास जमाबंदीचे कागद सापडतील, फेरफाराच्या नोंदी सापडतील, पाटील-पटवाऱ्यांच्या तंट्यांचे दस्तऐवजही सापडतील. वाङ्मयाचा उल्लेख मात्र एका ओळीचाही सापडावयाचा नाही. आणि तरीही, याच वाटेने जर कोणी केवळ मराठी कथेचा माग काढीत चालला, तर त्याला पावलोपावली थांबावे लागेल, अशी ही वाट आहे.

त्याने प्रथम परतवाड्याच्याही पुढे, मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरापर्यंत जावे. तेराव्या शतकाच्या अखेरीस, महानुभाव पंथाच्या श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर, नागदेवाचार्यांच्या आश्रयाने म्हाइंभट या विद्वान ब्राह्मणाने येथे जे कार्य केले त्याची आठवण झाली म्हणजे माझी छाती अभिमानाने भरून येते. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या या गृहस्थाने स्वामींच्या आठवणी स्वतःच्या पांडित्याने रचल्या नाहीत. ज्याने जो प्रसंग पाहिला होता, त्याला त्याने गाठले, मग ती एखादी वृद्ध स्त्री असो की शेतात राबणारा भक्त असो. त्याच्या शेजारी बसून तो प्रसंग त्याच्या तोंडून ऐकला आणि मग लिहिला. एकेका लीळेसाठी असे हिंडून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. आणि त्यानंतर त्याच लेखणीने गोविंदप्रभूंचे चरित्र लिहिले, ज्यात रिद्धपुराच्या गल्ल्या, तिथली दुकाने, तिथल्या बायकांची रागावलेली आणि लाडाने ओथंबलेली बोली आजही जशीच्या तशी ऐकू येते. ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ आहे, हे प्रत्येक शालेय पुस्तकात लिहिलेले असते. परंतु तो आधी ऐकलेला आणि मागाहून लिहिलेला आहे, त्याच्या प्रत्येक वाक्याच्या पाठीशी म्हाइंभटाचा एकेक हुंकारा आहे, हे सांगावयाचे राहून जाते. पुढे महानुभावांनी हे धन सांकेतिक लिपींत बंद करून शतकानुशतके सांभाळले, आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात ह. ना. नेने यांनी ते नागपुरातून छापून प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे सामान्य मराठी वाचकाच्या हाती ते आले. ज्या मातीत मराठी कथनगद्य जन्मले, त्या मातीतल्या माणसाला ते सहाशेहून अधिक वर्षे वाचावयास मिळू नये, ही गोष्ट मला आजही बेचैन करते.

मधल्या काळात आमच्या गावांचे वाचन म्हणजे पोथी. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’, श्रावणात ‘शिवलीलामृत’, आणि १९३९ नंतर दासगणू महाराजांचा ‘श्रीगजाननविजय’, ज्याचे एकवीस अध्याय शेगावच्या सान्निध्यामुळे आमच्याकडे कित्येकांना मुखोद्गत असत. चातुर्मासात वाड्याच्या ओसरीवर समई लागे, पोथीचा लाल रुमाल सोडला जाई, एकजण ओवी म्हणे आणि दुसरा तिचा अर्थ सांगे. आणि अर्थ सांगणारा जर कसलेला असला तर कौरवांच्या सभेतील प्रसंग तो असा उभा करी की ऐकणाऱ्या बायका पदराने डोळे टिपीत आणि पुरुष कंदिलाकडे पाहत बसत. अक्षरओळख एकालाच असली तरी वाचन साऱ्या आळीचे होई. एकट्याने, मनातल्या मनात, ओठ न हलवता वाचणे ही गोष्ट आमच्याकडे फार उशिरा आली, आणि आली तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना ती काहीशी संशयास्पदच वाटली; पुस्तकात असे काय आहे की जे मोठ्याने म्हणता येत नाही?

कादंबरी आली ती कपाशीच्या वाटेने. अमेरिकेतील यादवीमुळे विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या रुईला सोन्याचा भाव आला, मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ-अकोल्यावरून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला, आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारासाठी खास फाटा घातला जाऊन व्हॉइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. गाठी मुंबईस गेल्या आणि परत येणाऱ्या डब्यांतून वर्तमानपत्रे, मासिके, वकील, मास्तर आणि पुस्तके आली. हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ १८९० मध्ये निघाले. त्यातील चालू कादंबरीच्या पुढच्या प्रकरणासाठी तालुक्याच्या गावी टपालाची वाट पाहणारा एक नवा वर्ग तयार झाला. अकोल्याने या वर्गाची उमेद १९१२ मध्ये दाखवून दिली. त्या साली तेथे मराठी साहित्यिकांचे संमेलन भरले आणि अध्यक्षपदी स्वतः हरिभाऊ आपटे होते. ‘पण लक्षांत कोण घेतो’ लिहिणारा ग्रंथकार अकोल्याच्या स्टेशनावर उतरला असेल तेव्हा त्याला पाहण्यासाठी आमच्या भागातून बैलगाडी जुंपून कोणी तरी नक्कीच गेले असेल, अशी माझी कल्पना आहे. तिला पुरावा नाही, पण ती मला सोडवतही नाही.

आणि याच सुमारास, तेल्हाऱ्याच्या पश्चिमेस, सातपुड्याच्या त्याच सावलीत जळगाव-जामोदसारख्या आडवळणाच्या गावी एक वकील राहत होते, ज्यांचे नाव श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. जन्म नागपूरचा, १८७१ चा. वकिली अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद येथली. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून मराठी विनोदाचा पाया त्यांनी घातला हे सर्वश्रुत आहे. मला त्यांच्याविषयी जो विशेष आदर वाटतो तो निराळ्या कारणासाठी. दिवसभर कुळांचे आणि सावकारांचे कज्जे, खतांचे आणि गहाणांचे कागद, मुन्सफाच्या कचेरीतील उलटतपासण्या, एवढे सारे आटोपून रात्री दिव्यापाशी बसलेला हा माणूस पुण्या-मुंबईस निघालेल्या नाटकांची आणि कादंबऱ्यांची दीर्घ परीक्षणे लिहीत असे, आणि ती लिहिताना एखादी साक्ष तपासावी तशी पात्रांची प्रत्येक कृती तपासून पाही. ग्रंथकाराच्या प्रत्येक वाक्याला दूर वऱ्हाडातून दिलेला तो हुंकारा होता. तो कधी संमतीचा असे, कधी शंकेचा असे, पण ग्रंथकाराला तो ऐकावाच लागे. १९२७ च्या पुण्याच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. त्याहून मोठी गोष्ट ही की राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानीत, आणि गडकऱ्यांना आचार्य अत्रे गुरू मानीत, वि. स. खांडेकरांचेही श्रद्धास्थान कोल्हटकरच. खांडेकरांनी १९३६ मध्ये ‘छाया’ची कथा लिहिली, अत्र्यांनी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर १९५३ मध्ये चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविले. जळगाव-जामोदच्या त्या दिव्यापासून निघालेला धागा असा थेट रुपेरी पडद्यापर्यंत जातो, आणि आमच्या लोकांना त्याची गंधवार्ता नसते.

पडदा आमच्याकडे आला तो मात्र तंबूतून. सुगी आटोपली, कापूस घरात आला किंवा बाजारात गेला, चार पैसे हाती खुळखुळू लागले की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात कनाती ठोकल्या जात. दिवसभर एक बैलगाडी दोन्ही बाजूंना रंगीत फलक बांधून वेशीपासून बाजारापर्यंत फिरे, तीवरचा कर्णा खरखरत असे, आणि संध्याकाळी विजेच्या यंत्राची धडधड सुरू झाली की आसपासच्या खेड्यांतून माणसे घोंगड्या खांद्यावर टाकून येत. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका, मध्ये दोरीवर कापड. मी यंत्राजवळ जागा धरी. त्या लोखंडी पेटीत दोन कोळशाच्या काड्या समोरासमोर लावलेल्या असत आणि त्यांच्या टोकांमधल्या फटीत डोळ्यांना न सोसणारा पांढराशुभ्र जाळ पेटे. जळता जळता काड्या आखूड होत, फट वाढे, पडद्यावरचे चित्र पिवळट पडू लागे, आणि यंत्रवाला मामा पडद्याकडून नजर न काढता पेटीच्या बाहेरचा दांडा बोटभर फिरवी की राजाचा चेहरा पुन्हा उजळे. एकच यंत्र असल्यामुळे प्रत्येक रिळानंतर अंधार होई, आणि तो अंधार मला चित्रपटाइतकाच प्रिय होता. कारण त्या पाच मिनिटांत सारा तंबू बोलू लागे. झाले ते बरोबर की चूक, तिने असे करावयास नको होते, तो मेला तर तिच्या लेकरांचे काय, असा एकच कल्लोळ उठे. पोथीवरची ओसरीच ती. फक्त मोठी झालेली.

या तंबूंनी आमच्याकडे आणलेल्या चित्रपटांत प्रभातच्या ‘संत तुकाराम’चे स्थान सर्वांहून वेगळे. १९३६ चा हा चित्रपट, दामले आणि फत्तेलाल यांनी केलेला, पुढे व्हेनिसपर्यंत जाऊन गौरव पावलेला. पण आमच्याकडे तो त्यानंतरही कितीतरी वर्षे येत राहिला आणि लोक तो पुन्हापुन्हा पाहत राहिले. विष्णुपंत पागनीस पडद्यावर येताच नमस्कारासाठी हात जोडले जात. माझी मोठी माय मात्र जिजाईची बाजू घेई. तुकोबाची महती तिला अमान्य नव्हती, वारीला ती स्वतः गेलेली होती. परंतु घरात दाणा नाही म्हणून तळतळणारी ती बाई तिला आपल्या आळीतली वाटे, आणि रिळ बदलताना ती शेजारणीला मोठ्याने म्हणे, ‘त्याचा देव त्याच्यापाशी हाय व बाई, पन लेकरं तं इच्यापाशी हायेत.’ चित्रपटकलेवरील कितीतरी विद्वत्तापूर्ण लेख मी मागाहून वाचले. गौरी या नटीच्या त्या भूमिकेचे याहून नेमके रसग्रहण मला कोठे आढळलेले नाही.

बाबुराव पेंटरांनी नारायण हरी आपट्यांच्या कथेवर १९२५ मध्येच ‘सावकारी पाश’ काढला होता आणि कर्जापायी जमीन गमावून शहराच्या गिरणीत जाणारा शेतकरी मुक्या चित्रपटात दाखविला होता, हे मी पुस्तकात वाचले तेव्हा चकित झालो. कारण तो विषय आमचा होता, गहाणखताची भाषा आमच्या घराघरांत कळणारी होती. परंतु पडद्यावरची माणसे, त्यांचे फेटे, त्यांच्या विहिरी, त्यांचे डोंगर सारे पश्चिमेकडचे. पुस्तकांतही तेच. कोकणातला माड, पुण्यातला वाडा, मुंबईतली चाळ यांची वर्णने वाचून ती मला इतकी परिचित झाली होती की न पाहिलेल्या समुद्राचे निबंध मी शाळेत लिहीत असे, आणि घरामागच्या पळसाविषयी लिहावे हे मला सुचतही नसे.

या संदर्भात परतवाड्याची हकीकत विलक्षण आहे. अचलपुराला लागून इंग्रजांच्या छावणीभोवती वाढलेले, मेळघाटाच्या तोंडाशी असलेले हे गाव. येथे १९१६ मध्ये गोपाळ नीलकंठ दांडेकर जन्मले आणि १९४१ मध्ये अरुण साधू जन्मले. दोघेही घराबाहेर पडले, दोघेही नामवंत कादंबरीकार झाले, दोघांच्याही कादंबऱ्यांवर डॉ. जब्बार पटेल यांनी लागोपाठ चित्रपट केले: १९७७ मध्ये ‘जैत रे जैत’ आणि १९७९ मध्ये, साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या मिळून, विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर ‘सिंहासन’. पहिल्यातला नाग्या सह्याद्रीतल्या ठाकरवाडीतला, लिंगोबाच्या कड्यावरच्या मधमाश्यांशी वैर धरणारा. दुसऱ्यातला पत्रकार दिगू मुंबईच्या मंत्रालयाच्या सावलीत हळूहळू खचत जाणारा. एकात ना. धों. महानोरांची गाणी, तर दुसऱ्यात अमरावतीच्या सुरेश भटांचे एक धगधगते गीत. मेळघाटाचा डोंगर ज्याने लहानपणी पाहिला असेल, त्याला ठाकरवाडीचा डोंगर इतक्या जिव्हाळ्याने दिसावा, आणि लहानशा छावणीच्या गावात ज्याचे शाळेतले दिवस गेले, त्याला महानगराची सत्ता इतकी उघडीनागडी दिसावी, यात मला कार्यकारणाचा संबंध वाटतो. बाहेरून आलेल्याचा कान तीक्ष्ण असतो. ज्या बोलीत आपण वाढलो नाही, ती तो अक्षर न अक्षर ऐकतो. तथापि त्याचबरोबर मनात एक खंतही दाटते. आमच्या मुलखाने मराठी कादंबरीला आणि चित्रपटाला दोन असे डोळे दिले, आणि ते दोन्ही इतर प्रदेशांकडे पाहत राहिले.

दांडेकरांच्या बाबतीत ही खंत पुरती खरी नाही, हेही नमूद केले पाहिजे. शिक्षण सोडून घराबाहेर पडलेल्या या मुलाला काही काळ गाडगेबाबांचा सहवास लाभला. बाबा अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावचे, म्हणजे आमच्याच वाटेवरचे. सकाळी खराट्याने गाव झाडावे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करावे, हा त्यांचा क्रम; आणि त्या कीर्तनाची रीत अशी की अर्धे वाक्य बाबांनी म्हणावे आणि अर्धे श्रोत्यांकडून वदवून घ्यावे. देव कोठे आहे, दारू प्यावी काय, लेकराला शाळेत घालाल काय, असे प्रश्नामागून प्रश्न, आणि हजारो माणसांचे एकमुखी उत्तर. हुंकाऱ्याचे याहून भव्य रूप मला ठाऊक नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ त्यांचे देहावसान झाले. दांडेकरांनी त्यांचे चरित्र लिहिले आणि त्याच्या आधाराने राजदत्तांनी १९७७ मध्ये ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट केला, ज्यात डॉ. श्रीराम लागू बाबा झाले. मी तो पाहिला तेव्हा माझ्या पुढच्या ओळीत एक वृद्ध गृहस्थ होते. पडद्यावरच्या बाबांनी प्रश्न विचारला की ते पडद्यावरच्या श्रोत्यांबरोबर मोठ्याने उत्तर देत. कोणी त्यांना गप्प बसविले नाही.

परंतु आमच्या बोलीचा, आमच्या घरातल्या दुःखाचा उंबरठा ज्या पुस्तकाने ओलांडला ते म्हणजे उद्धव शेळके यांची १९६० मध्ये प्रसिद्ध झालेली ‘धग’. अमरावती जिल्ह्यातले तळेगाव, शिवणकामाचा धंदा, कशातच नेट न धरणारा महादेव, आणि सारा संसार एकटीच्या हिमतीवर ओढणारी कौतिक. कथानक सांगू लागले तर एवढेच. पुढे त्या घरात महारोग शिरतो आणि पोरे हाताबाहेर जातात. लेखक कोठेही हळहळत नाही. वऱ्हाडी बोली तोपर्यंत छापलेली दिसे ती बहुधा एखाद्या गड्याच्या तोंडी, वाचकाला हसू यावे म्हणून. आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, शाळेची शाया आणि केळीची केयी होते, ‘मला’ऐवजी ‘मले’ येते, ‘का’ऐवजी ‘काहून’ येते. आणि या सर्वांसाठी अकोल्याच्या वसतिगृहात मी पुष्कळ टोमणे सोसलेले होते. ‘धग’मध्ये ही बोली प्रथमच पूर्ण गांभीर्याने, आईच्या तोंडी, भांडणात, उपासात, मरणाच्या दारात उभी राहिली.

दिवाळीच्या सुटीत मी ते पुस्तक घरी नेले. मोठी माय तेव्हा कपाशीची बोंडे सोलीत परसात बसली होती; सुकलेल्या बोंडाच्या टोकदार पाकळ्या बोटांत रुततात म्हणून तिने दोन बोटांना चिंधी गुंडाळलेली होती, एका हाताने बोंड धरायचे आणि दुसऱ्याने सरकी-रुई एका झटक्यात उपसायची, असे तिचे चालले होते. मला मनात वाचायचे होते. तिने विचारले, ‘काय वाचतं रे?’ म्हणून मी मोठ्याने वाचू लागलो. पहिली काही वाक्ये ती ऐकत होती की नाही कोण जाणे. नंतर पात्रे बोलू लागली. तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिले, आणि विचारले, ‘हे पुस्तकात लिवलं हाय, का तू सांगतं?’ पुस्तकात आहे, असे मी म्हटले आणि पान तिच्यापुढे धरले; तिला वाचता येत नव्हते, तरी तिने ते जवळ घेऊन नीट पाहिले. मग पुन्हा बोंड उचलले. मी पुढचे वाक्य वाचले आणि थांबलो, आणि तिने, माझी आजी जाऊन कितीतरी वर्षे झाली होती, तरी अगदी सहजपणे म्हटले: ‘हं.’

त्या दिवशी आम्ही दिवेलागणीपर्यंत वाचले, आणि सुटी संपण्यापूर्वी पुस्तक संपविले. कौतिकचे शेवटी काय होते ते ऐकल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे लिहिणारा शिंप्याच्या घरचा आहे काय. त्याला इतके कसे ठाऊक, हे तिचे कुतूहल होते. आणि समीक्षेचा मूळ प्रश्न याहून फारसा निराळा असतो असे मला वाटत नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी, २०१३ च्या सुमारास, ‘धग’ या नावाच्या चित्रपटाला दिग्दर्शनाचा आणि अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्याची बातमी आली तेव्हा कौतिक पडद्यावर आली या आनंदाने माझे मन उचंबळले होते. तो चित्रपट स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबाचा, सर्वस्वी निराळा निघाला. शिवाजी लोटन पाटील यांची ती कृती स्वतंत्रपणे मोठी आहे. माझे वाट पाहणे मात्र तसेच राहिले.

१९८१ हे साल मी विसरणार नाही. त्या वर्षी अकोल्यास पुन्हा साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्ष होते गो. नी. दांडेकर, परतवाड्याचे, आणि त्याच वर्षी राजदत्तांचा ‘अरे संसार संसार’ प्रदर्शित झाला, ज्यात विठ्ठल वाघांचे तिफणीचे गीत आहे. विठ्ठल वाघ हिंगणीचे, म्हणजे आमच्याच तेल्हारा तालुक्यातले, १९४५ चा जन्म. आमच्या शिवारातली तिफण मराठी चित्रपटात चालली, याचे अप्रूप ज्याने तिफण धरली नाही त्याला सांगून कळावयाचे नाही. तीन फणांचे ते लाकडी औत, फणांतून वर येणाऱ्या तीन पोकळ नळ्या, नळ्यांच्या मुखाशी वाटीसारखे चाडे. बैल चालत असता मुठीतले बी चाड्यात असे सोडायचे की तिन्ही तासांत दाणा सारखा पडावा, आणि मागे दोरीला बांधलेल्या सरत्यात तुरीचे बी टाकीत बाईने त्याच पावलाने चालावे. मूठ एका क्षणाने आवळली तर पुढे वावरात रिकामी जागा दिसते आणि ती साऱ्या हंगामभर दिसत राहते. या कामाला एक लय असते. ती पायांची आहे, बैलांच्या मानेची आहे, आणि त्या गीतात ती उतरलेली आहे, म्हणूनच ते गीत रेडिओवर लागले की आमच्याकडे म्हातारी माणसे ताल धरताना हात न हलवता पाऊल हलवीत. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात ते मुद्रित झाले असेल, लय हिंगणीची.

त्यानंतर वाट मोकळी झाली असे म्हणता येईल. बुलढाण्याच्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, शिकलेल्या शेतकरीपुत्राची कोंडी तिने देशापुढे मांडली. आणि २००९ मध्ये सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आला, ज्यात कपाशीच्या पेरणीपायी मोडत चाललेला किसना आहे, आणि नवरा जिवाचे बरेवाईट करील या धास्तीने त्याच्या पाठीवर पोराला लावून देणारी अलका आहे. नावातली ती शिवी आमची. पावसाला इतक्या जवळिकीने शिवी देण्याचा अधिकार ज्याचे बियाणे मातीत आहे त्यालाच असतो.

हा चित्रपट मी चित्रपटगृहात पाहू शकलो नाही. काही वर्षांनी दूरचित्रवाणीवर लागला तेव्हा मृग कोरडा जाऊन आर्द्रा लागलेली होती. आमच्याकडे सालाने असलेला गडी काही निरोप घेऊन आला होता. पडद्यावर बोलली जाणारी बोली ऐकून तो दारातच थांबला, मग उंबऱ्याशी टेकला, मग हळूच आत येऊन भिंतीशी बसला. त्याची स्वतःची तीन एकर कोरडवाहू जमीन, आणि तिच्यात त्याने आठवड्यापूर्वी धूळपेरणी केलेली. आम्ही दोघे काही बोललो नाही. किसना आभाळाकडे पाहत होता, आणि एवढ्यात आमच्या पत्र्यावर खरोखरीच टपटप आवाज झाला. प्रथम मला तो चित्रपटातलाच वाटला. गड्याने एकदा छताकडे, एकदा पडद्याकडे पाहिले, उठला, आणि चपला हातात घेऊन अंधारात निघून गेला. चित्रपट मी एकट्यानेच पुरा केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वावराकडे गेलो. पाऊस बेताचाच पडला होता; वरची चार बोटे माती ओली, खाली कोरडी. तो धुऱ्याशी वाकून तासातली माती उकरीत होता, आणि फुटलेल्या सरकीचा एक पांढरा कोंब तळहातावर घेऊन बघत होता. मला पाहताच तो कोंब त्याने पुन्हा मातीत लावला, हात धोतराला पुसले, आणि विचारले, ‘मंग काय झालं गुरुजी, त्या किसनाचं?’

मी धुऱ्यावर बसलो आणि तो जेथून उठून गेला होता तेथून सांगू लागलो. तोही समोर उकिडवा बसला. पहिले वाक्य संपवून मी श्वास घेतला.

‘हं,’ तो म्हणाला.